उष्णता जमिनीत सोडली, पण परत काढणार कोण? नागपुरातल्या एका गृहप्रकल्पाचं प्रकरण

जयताळ्याकडून हिंगण्याच्या दिशेनं नागपूर जसं पसरतंय, तशीच ही एक योजना. दीड एकराचा प्लॉट, खाली पार्किंग, वर सात मजले, दोन विंग मिळून ८४ फ्लॅट. योजना प्रातिनिधिक आहे, तिचा पत्ता शोधत बसू नये. हवा, खडक आणि हिशेब मात्र नागपूरचेच आहेत.

बिल्डरचा प्रस्ताव ऐकायला सुटसुटीत होता. फ्लॅटच्या एसीतून निघणारी उष्णता गॅलरीतल्या आउटडोअर युनिटनं हवेत फेकण्याऐवजी पाण्याला द्यायची. ते पाणी पार्किंगखाली मारलेल्या शंभर-शंभर मीटर खोल बोअरमधल्या प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरवायचं, जमिनीत उष्णता सोडून ते परत वर आणायचं. बोअरमधून पाणी उपसायचं नाही. बंद नळीतलं तेच पाणी गोल-गोल फिरत राहणार. परदेशातल्या वसाहतींचे व्हिडिओ त्यानं पाहिले होते आणि ब्रोशरची ओळही तयार होती: ‘नागपुरातली पहिली जिओथर्मल सोसायटी’. प्रश्न एवढाच होता, की किती बोअर मारायचे.

आकड्यांकडे वळण्याआधी एक गोंधळ दूर करायला हवा. भूऔष्णिक, म्हणजे जिओथर्मल, म्हटलं की आपल्याकडे गरम पाण्याचे झरे आठवतात. विदर्भाच्या आजूबाजूला ते आहेतही: अमरावती जिल्ह्याच्या सीमेवरचं सालबर्डी, किनवट तालुक्यातलं उनकेश्वर. लडाखमध्ये पुगा खोऱ्यात तर जमिनीतल्या वाफेवर वीज काढायचे प्रयत्न चालले आहेत. या सोसायटीचा त्या कशाशीच संबंध नाही. इथे जमिनीच्या पोटातली ऊब नको आहे, जमिनीचं स्थिर तापमान हवं आहे. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये जे राष्ट्रीय भूऔष्णिक धोरण जाहीर केलं, त्यात या दुसऱ्या प्रकारालाही, म्हणजे जमिनीला जोडलेल्या हीट पंपांनाही (उष्णता एकीकडून काढून दुसरीकडे सोडणाऱ्या, एसीसारख्याच यंत्रांना), जागा दिली आहे. त्यामुळे बिल्डरची कल्पना हवेतली नव्हती.

४६ अंशांवरचा एसी

आधी कल्पनेच्या बाजूनं बोलू, कारण ती बाजू भक्कम आहे.

एसीवर जे तारे असतात, ते २४ ते ४३ अंश बाहेरचं तापमान धरून आणि वर्षाला १६०० तास वापर धरून दिलेले असतात. नागपूरचा मे महिना ४३ वर थांबत नाही. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश नोंदले गेले. (मे २०२४ मधला ५६ अंशांचा गाजलेला आकडा सोडून द्या, तो सेन्सरचा दोष निघाला.) त्यात आपल्याकडे आउटडोअर युनिटं डक्टमध्ये एकावर एक टांगायची पद्धत. खालच्या युनिटनं फेकलेली गरम हवा वरचं युनिट आत ओढतं. बाहेर ४५ असताना सहाव्या मजल्यावरच्या युनिटला मिळणारी हवा त्याहून बरीच तापलेली असते, आणि दुपारी तीन वाजता एसी ‘थंडच करत नाही’ अशी जी तक्रार असते तिचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. मेकॅनिक येतो, गॅस भरतो, पैसे घेतो. डक्ट आहे तसाच राहतो.

किती फरक पडतो, ते भौतिकशास्त्राच्या साध्या सूत्रातून निघतं. खोलीत गारवा देताना एसीतला गॅस साधारण १० अंशांवर उकळतो. बाहेर ४६ अंशांची हवा असेल तर उष्णता फेकण्यासाठी तोच गॅस ५८ अंशांच्या आसपास तापवून ठेवावा लागतो. या दोन तापमानांमध्ये कोणत्याही यंत्राला मिळू शकणारा कमाल गुणांक ५.९ येतो. खरं यंत्र त्याच्या जेमतेम निम्म्यावर पोचतं, म्हणजे एक युनिट विजेत सुमारे तीन युनिट गारवा. आता हवेऐवजी तीस-बत्तीस अंशांचं पाणी मिळालं, तर गॅस ४२ वर ठेवला तरी भागतं. कमाल गुणांक ८.८ होतो, प्रत्यक्षातला ४.४. भर दुपारी तेवढ्याच विजेत जवळपास दीडपट गारवा. शिवाय डक्टमध्ये गरम वारा नाही, गॅलरीत घरघर नाही, शेजारच्या खिडकीवर झळ नाही.

जमीन किती गार?

जमिनीखाली दहा-पंधरा मीटरच्या पुढे ऋतू पोचत नाहीत. तिथलं तापमान त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास किंवा थोडं वर असतं. नागपूरची सरासरी २७ अंशांच्या घरात आहे. खाली जाताना दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश वाढ धरली, तर शंभर मीटरच्या बोअरची सरासरी २८ ते २९ निघते. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागतं ते यामुळेच; पाणी तेच असतं, बदलतो आपण. युरोपातल्या किंवा अमेरिकेच्या उत्तर भागातल्या ज्या वसाहतींचे व्हिडिओ फिरतात, तिथे याच खोलीवर १० ते १२ अंश मिळतात. तिथे उन्हाळ्यात नुसतं पाणी फिरवलं तरी खोली गार होते. नागपूरच्या २९ अंशांच्या पाण्यानं खोली गार होत नाही, कॉम्प्रेसर लागतोच. जमीन फक्त त्याचं ओझं हलकं करते.

खडकाचाही प्रश्न आहे. नागपूर शहर दोन भूशास्त्रीय प्रदेशांच्या शिवेवर वसलं आहे. पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण (बेसाल्ट), पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना नाइस हा खडक, उत्तरेला कामठीकडे गोंडवनी वालुकाश्म आणि कोळसा. सीताबर्डीच्या टेकडीत तर बेसाल्टखाली लामेटा नावाचे गाळाच्या खडकाचे थर येतात. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर टाकळीच्या परिसरात जीवाश्म हुडकले ते याच शिवेवरच्या खडकांत. नाइसमधून उष्णता चांगली वाहते, तिची वाहकता साधारण २.५ ते ३.५ वॉट प्रति मीटर-अंश. बेसाल्टची १.५ ते २. हा प्लॉट बेसाल्टवर आहे. म्हणजे हाच प्रकल्प शहराच्या पूर्व टोकाला असता, तर तेवढ्याच कामाला कमी बोअर पुरले असते. हिंगणा रोडला जमीन घेताना हा विचार अर्थातच कुणी करत नाही.

पहिला हिशेब

फ्लॅटमागे दीड टन धरला आणि सगळे एकदम चालत नाहीत म्हणून थोडी सूट दिली, तर एका वेळचा भार १२० टन, म्हणजे सुमारे ४२० किलोवॉट. कॉम्प्रेसरची वीजही शेवटी उष्णताच होते, तेव्हा जमिनीत सोडायची उष्णता ५१५ किलोवॉटच्या आसपास. बेसाल्टमधल्या बोअरनं मीटरमागे ४० वॉट रिचवले असं धरलं, तर १३,००० मीटर बोअर हवेत. शंभर मीटरचे १३०. बोअरच्या गाडीवाल्यांच्या भाषेत बेचाळीस हजार फुटांहून जास्त. दोन बोअरमध्ये सहा मीटर अंतर ठेवायचं तर जागा ४,६८० चौरस मीटर लागते, आणि अख्खा प्लॉट आहे ६,०७० चौरस मीटरचा.

इथपर्यंत बिल्डर डगमगला नव्हता. ‘‘इमारतीखाली मारून टाकू, जागा आपलीच आहे ना भाऊ.’’ तांत्रिकदृष्ट्या ते चूक नाही. पाया घालण्याआधी बोअर मारून वर इमारत उभी करतात. अडचण पुढच्या ओळीत होती.

वर्षभराचा गारवा बघू. पूर्ण भाराचे १,२०० तास धरले, तर पाच लाख युनिट गारवा आणि जमिनीत ६.२ लाख युनिट उष्णता. या १३० बोअरच्या ताब्यात जो खडक येतो, त्याचं घनफळ ४.६८ लाख घनमीटर. एवढ्या खडकाला एक अंशानं तापवायला सुमारे ३ लाख युनिट लागतात. म्हणजे उष्णता कुठेच निसटली नाही, तर खडक दर वर्षी दोन अंशांनी तापणार. काही उष्णता कडेनं आणि वरून निसटते हे खरं. पण दाट पेरलेल्या बोअरांच्या मधोमध असलेल्या खडकाला निसटायला वाव फार थोडा. पाच-सात वर्षांत २९ ची जमीन पस्तिशी ओलांडते, आणि मग उष्णता रिचवण्याची तिची ताकद अशा वेळी आटते, जेव्हा बिल्डर पुढच्या प्रकल्पावर गेलेला असतो आणि सोसायटीचा कारभार कमिटीच्या हातात असतो.

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. ‘जमीन किती गार आहे’ असं सगळे विचारतात. नागपुरात विचारायला हवं ते असं, की जमिनीत सोडलेली उष्णता वर्षाअखेर परत काढणार कोण.

थंड मुलखात हे काम हिवाळा करतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम इथे २०२४ मध्ये एका वीज-गॅस कंपनीनं वस्तीला जोडलेलं भूऔष्णिक जाळं सुरू केलं, सुमारे ३६ इमारतींसाठी. तिथे हिवाळ्यात घरं तापवायला जमिनीतून उष्णता उपसतात, उन्हाळ्यात थोडी परत भरतात. कॅनडातल्या ओकोटोक्सची ड्रेक लँडिंग वसाहत २००७ मध्ये सुरू झाली. तिथे ५२ घरांच्या गॅरेजांवरच्या सौर पट्ट्यांनी उन्हाळ्यात गोळा केलेली ऊब ३५ मीटर खोल १४४ बोअरमध्ये साठवत आणि हिवाळ्यात वापरत. दोन्हीकडे जमिनीशी देणं-घेणं दोन्ही बाजूंचं. नागपुरात घर तापवायची गरज फारतर पौषातल्या चार रात्री, आणि तीही गोधडीनं भागते.

मग आंघोळीच्या पाण्याचं काय? ही सूचना प्रत्येक बैठकीत कुणीतरी करतोच, आणि ती चांगलीही आहे. ८४ घरं, घरी चार माणसं, माणशी ४० लिटर पाणी २० अंशांनी तापवायचं: रोजचे सुमारे ३१० युनिट. पण गीझर आपल्याकडे लागतो नोव्हेंबर ते मार्चच; एप्रिलपासून गच्चीवरच्या टाकीतलंच पाणी चटका देतं. दीडशे दिवसांचे ४७ हजार युनिट झाले. जमिनीत गेले ६.२ लाख. शंभरातले सात-आठ परत आले.

पौष-माघातल्या रात्री

नागपूरचा हिवाळा घर तापवायला पुरेसा कडक नाही, पण जमीन गार करायला पुरेसा आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १२-१३ पर्यंत उतरतो, एखाद्या लाटेत त्याच्याही बराच खाली. त्या रात्री कॉम्प्रेसर बंद ठेवून फक्त पंप आणि गच्चीवरचे पंखे चालवले, तर बोअरमधून येणारं तीस अंशांचं पाणी विशीत आणून परत खाली सोडता येतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असे आठशेएक तास मिळतात. त्याच ४० वॉटच्या हिशेबानं ४ लाख युनिटांहून थोडी जास्त उष्णता बाहेर काढता येते, म्हणजे वर्षभरात आत गेलेल्या उष्णतेच्या दोन तृतीयांश. ड्रेक लँडिंगवाले उन्हाळा हिवाळ्यासाठी साठवत होते, आपण हिवाळा वैशाखासाठी साठवायचा.

मला हा भाग सगळ्यात आवडतो आणि त्याच्यावर कुणी बोलत नाही, कारण ब्रोशरमध्ये तो दिसत नाही. जानेवारीच्या रात्री, कुणालाच गारवा नको असताना, सोसायटीनं पंप आणि पंखे चालू ठेवायचे आणि त्याचं बिल भरायचं! कमिटीच्या पहिल्याच सभेत कुणीतरी उठून विचारणार, थंडीत हे काय चालवून ठेवलं आहे. आणि ते बंद केलं, तर त्याचा परिणाम त्या वर्षी दिसणारच नाही. दिसेल तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात.

जमिनीचा स्पर्धक गच्चीवर

गच्चीवर जाणारच आहोत, तर आणखी एक गोष्ट तिथेच उभी आहे: कूलिंग टॉवर, म्हणजे थोडं पाणी वाफ होऊ देऊन उरलेलं गार करणारं यंत्र. मे महिन्यात ४३ अंशांच्या हवेत आर्द्रता २० टक्क्यांवर असते, तेव्हा ओल्या फडक्यातला तापमापक २४ च्या आसपास दाखवतो. चांगला टॉवर पाणी त्याच्या तीन-चार अंश वर आणून देतो, म्हणजे २७-२८. न तापलेल्या, कोऱ्या जमिनीइतकंच! पावसाळ्यात ओला पारा २५-२६ वर जातो, टॉवरचं पाणी तिशीच्या जवळ येतं, तरीही पाच वर्षं वापरलेल्या जमिनीपेक्षा ते वाईट नाही. दिल्लीत, अहमदाबादेत, नागपुरात, जिथे उन्हाळा कोरडा आहे तिथे जमिनीला स्पर्धा हवेशी करावी लागत नाही. ती पाण्याशी करावी लागते.

मग पाणी कुठून? उन्हाळ्यात नागपुरात हा प्रश्न हलका नाही. जुलै २०१९ मध्ये पेंच प्रकल्पातलं पाणी आटल्यावर महापालिकेला दिवसाआड पुरवठा करावा लागला होता. पूर्ण भारावर टॉवर तासाला सुमारे हजार लिटर पिणार, बाष्पीभवन आणि क्षार वाढू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी धरून. दिवसाचे बारा तास चालला तर बारा हजार लिटर. पण सोसायटीचं स्वतःचं सांडपाणी आहे: ३३६ माणसं, माणशी १३५ लिटर, त्यातलं ऐंशी टक्के परत, दिवसाला ३६ हजार लिटर. शुद्धीकरण केंद्र असतंच. त्यातलं एक तृतीयांश पाणी नीट गाळून, मऊ करून टॉवरला दिलं तर टँकर लागत नाही. नागपूरला ही कल्पना नवी नाही. भांडेवाडीला शुद्ध झालेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातंच. टॉवरच्या पाण्यात जंतू होऊ नयेत म्हणून औषधाची आणि तपासणीची शिस्त मात्र कटाक्षानं पाळावी लागते. ती जमत नसेल तर टॉवर लावूच नये.

कूलरवाले काका

फ्लॅट बुक केलेल्या लोकांची एक बैठक झाली. तिथे वीज मंडळातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर काका होते. दीड टन हा आकडा ऐकल्यावर ते हसले.

‘‘अजी साहेब, मे महिन्यात दुपारी एसी लावते कोण? कूलर आहे ना!’’

मार्केटिंगच्या मॅडमना हे आवडलं नाही. ‘‘काका, आजकालचे लोक कूलर नाही ठेवत फ्लॅटमध्ये.’’

‘‘ठेवते जी. माझ्या पोराच्या घरी दोन एसी आहेत, अन् हॉलमध्ये कूलरच आहे. गॅलरीत स्टँड काढून द्या फक्त.’’

काकांचं बोलणं तपासून पाहण्यासारखं होतं, आणि ते टिकतं. विदर्भात एप्रिल ते मृगाच्या पावसापर्यंत हवा इतकी कोरडी असते, की वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्याच्या ताट्यांचा कूलर दोन-अडीचशे वॉटमध्ये हॉल राहण्याजोगा करतो. एसीला त्याच्या पाच-सहापट वीज लागते. एसी लागतो तो रात्री झोपायच्या खोलीत, आणि जून-जुलैपासून ऑक्टोबरपर्यंतच्या चिकचिक्या दिवसांत, जेव्हा कूलर नुसता दमटपणा वाढवतो. कूलरचेही भोग आहेत: टाकी आठवड्याला रिकामी केली नाही तर डेंगीचे डास. तरी सवय पक्की आहे. म्हणजे नवतपाच्या (मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांच्या) दुपारचा जो कमाल भार धरून सगळी यंत्रणा मोजली होती, त्या वेळी अर्ध्या घरांत एसी बंद असणार. परदेशी सल्लागाराच्या तक्त्यात कूलरसाठी रकाना नसतो.

दुसरी काटछाट इमारतीतच होती. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमाराला सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. मार खाते गच्ची, आणि सकाळी पूर्वेची, दुपारनंतर पश्चिमेची भिंत. नकाशात नेमक्या मास्टर बेडरूमच्या मोठ्या खिडक्या पश्चिमेला होत्या, कारण तिकडे ‘व्ह्यू’ होता. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या इको निवास संहिता २०१८ नुसार नागपूरसारख्या हवामानात भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला १५ वॉट आहे. ती पाळायची म्हणून पश्चिमेच्या खिडक्या लहान केल्या, बाहेरून सरकत्या जाळ्या दिल्या, भिंतीला हलके, सच्छिद्र एएसी ब्लॉक घेतले, गच्चीवर उष्णतारोधक थर आणि वर पांढरी फरशी. सातव्या मजल्यावरच्या लोकांना याचा फायदा कुठल्याही बोअरपेक्षा जास्त होणार आहे.

या दोन्ही गोष्टी धरल्यावर फ्लॅटमागे एक टन आणि वर्षाला पूर्ण भाराचे ७०० तास पुरतात. मग आकडा असा येतो. वर्षाचा गारवा दोन लाख युनिटांच्या थोडा वर. डक्टमधल्या एसीला त्यासाठी ६९ हजार युनिट वीज. पाण्यावरच्या हीट पंपांना ४७ हजार, पंपांचे आठ हजार धरून ५५ हजार. वाचले १४ हजार, तेही वर्षभर ४६ अंशच आहेत असं एसीच्या विरुद्ध धरून. ८४ घरांत वाटले तर घरटी वर्षाला १७० युनिटांच्या आत. युनिटला १२ रुपये लावले तरी दोन हजार रुपये. बोअर, नळ्या, बोअरची पोकळी भरायचा बेंटोनाइट मातीचा गिलावा आणि पंप यांचा खर्च या दोन हजारांतून किती पिढ्यांत फिटेल, ते बिल्डरनं मोबाइलवर स्वतःच मोजलं. त्यानंतर १३० बोअरचा विषय पुन्हा निघाला नाही.

क्लब हाउससाठी जमिनीखालून हवेचं भुयार काढायची सूचनाही आली होती. गुरुग्रामजवळ ‘टेरी’ या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या रिट्रीट संकुलात असं भुयार आहे. पण या प्लॉटवर वरचे दोन-तीन मीटर काळी माती आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, कोरडी असताना उष्णताही नीट वाहून नेत नाही, आणि पावसाळ्यात भुयारात बुरशी धरते. पर्याय सोडून दिला.

तरी चोवीस बोअर का?

शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक फ्लॅटला पाण्यावर चालणारा छोटा हीट पंप बसवायची सोय, सगळ्यांना जोडणारी एक पाण्याची वर्तुळवाहिनी, गच्चीवर शुद्ध सांडपाण्यावरचा टॉवर. डक्टमध्ये एकही आउटडोअर युनिट नाही. गॅलरीत कूलरचा स्टँड आणि त्याला नळ, काकांच्या सूचनेप्रमाणे. आणि पार्किंगखाली २४ बोअर.

विजेच्या हिशेबात चोवीस बोअरही बसत नाहीत. ते घेतले ते पाण्याच्या भीतीनं. २०१९ सारखा उन्हाळा आला, घरात पाणी कमी आलं, तर सांडपाणीही कमी होतं आणि टॉवर उपाशी राहतो. चोवीस बोअर ९६ किलोवॉट उष्णता रिचवतात, सुधारलेल्या भाराच्या साधारण चौथा हिस्सा. घरटी एका झोपायच्या खोलीला रात्री पुरेल इतकं. हा राखीव साठा आहे, रोज खर्चायचा नाही. आणि निर्णय आत्ताच घ्यावा लागला, कारण एकदा पार्किंगचा स्लॅब पडला की बोअरच्या गाडीचा उभा मनोरा त्याखाली शिरत नाही. नंतर बघू हा पर्याय इथे नव्हता.

परवानगीचा मुद्दा वकिलाकडे गेला. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरहून खोल ती खोल विहीर समजली जाते. इथे पाणी उपसायचंच नाही, पण भोक शंभर मीटरचं आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला लेखी विचारून उत्तर हातात घ्यायचं, आणि उत्तर प्रतिकूल आलं तर ६० मीटरचे ४० बोअर मारायचे, लांबी तेवढीच भरते, असा दुसरा नकाशाही तयार ठेवला. बोअरवाल्याला मात्र दोन गोष्टी करारात लिहून दिल्या: बेसाल्टच्या दोन थरांमधली लाल माती लागली की तिथे केसिंग (भोक ढासळू नये म्हणून आधाराचा पाइप) टाकायचं, आणि नळी सोडल्यावर पोकळी तळापासून वरपर्यंत गिलाव्यानं भरायची, वरून माती ढकलायची नाही. या दुसऱ्या कामातच सगळे हात राखतात, कारण नंतर ते कुणाला दिसत नाही, आणि हवेची पोकळी राहिलेला बोअर असून नसल्यासारखा.

ब्रोशरवरून बराच वाद झाला. मॅडमना ‘जिओथर्मल’ हा शब्द हवाच होता. शेवटी तो राहिला, पण ‘पाण्याच्या टंचाईत वापरायची जिओथर्मल राखीव व्यवस्था’ असा, आणि मोठ्या अक्षरात गेलं ते पश्चिमेच्या झाकलेल्या खिडक्यांचं आणि डक्टमध्ये गरम वारा नसल्याचं.

चोवीसपैकी चार बोअरमध्ये २०, ५० आणि ९० मीटरवर तापमापक सोडले जातील. दर वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑक्टोबरअखेरीस नोंद घ्यायची. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पंप चालवण्याचा खर्च देखभाल शुल्कातच धरला आहे, सभेच्या मर्जीवर ठेवलेला नाही. तीन वर्षांत मार्चमधलं तापमान मूळ नोंदीच्या दीड अंशाहून जास्त वर सरकलं, तर जमिनीकडचा व्हॉल्व्ह बंद करून सगळा भार टॉवरवर घ्यायचा, आणि पुढचा पूर्ण हिवाळा नुसती जमीन गार करायची. ही अट विक्री करारनाम्याच्या जोडपत्रात टाकली आहे, आणि नोंदवही वॉचमनच्या केबिनमध्ये न ठेवता कमिटीच्या सचिवाकडे राहील असंही त्यात लिहिलं आहे.